चौथ्या वळणावर पाय

गुरुवार. भोसरीत लाइट नाही,
सगळे लेथ गप्प.
म्हणून तर पहाटेच चाकणच्या पुढे जाऊन आलो,
टेम्पोत कार्ट, शेजारी पोरगी, तिच्या मांडीवर हेल्मेट.
आठ फेऱ्या तिच्या, आठ माझ्या.

आता शेडमध्ये, सरफेस प्लेटवर लॅपटॉप,
बॅटरी एक्केचाळीस टक्के,
आणि तेजल माझी फेरी तिच्या फेरीवर ठेवते आहे,
सातबाऱ्याच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तशी.
मी लाल. ती निळी.

डबी काडेपेटीएवढी, स्टिअरिंगला टेपनं चिकटवलेली.
मला वाटलं, वेळ तेवढी लिहीत असेल.
तिनं तर सगळंच लिहून ठेवलंय,
ब्रेक कुठे, किती, मागचं चाक कुठे सुटलं,
आणि मी ते हातानं सावरलं की नशिबानं.

"बाबा, अंतरावर जुळवायचं, वेळेवर नाही.
दोघं एकाच जागी उभे असलो तरच तुलना."
मी मान हलवली.
तिच्या माझ्या वयात एकोणतीस वर्षं आहेत,
ती काय अंतर धरून बसली आहे कोण जाणे.

शंभरावा मिलिमीटर मला कळतो.
बोअर मोठा गेला की मायक्रोमीटर नंतर सांगतो,
आधी अंगठा.
पण शंभरावा सेकंद कुठल्या बोटाला लागतो?

पहिल्या वळणात लाल रेघ वर.
बोललो नाही काही,
चहाचा ग्लास फक्त जरा जोरात ठेवला.
दुसऱ्यात आम्ही एकमेकांवर, रंग जांभळा.
तिसऱ्यातून निघताना ती गॅस आधी देते.
हल्लीच्या पोरांना धीर नाही, म्हणणार होतो,
पण रेघ सांगत होती, घाबरलेला मी होतो.

मग चौथं.
तिनं कर्सर नेला आणि थांबली.
"इथे पाय का उचलता?"
उचलत नाही.
"उचलता. शंभरावरून बासष्ट. हे बघा."
एखादी फेरी चुकली असेल.

तिनं आठही फेऱ्या एकावर एक टाकल्या.
आठ खड्डे, एकात एक बसलेले,
एकाच डायमधून काढल्यासारखे.
इतका नेमका जॉब
मी या शेडमध्ये कधी काढला नाही.

तिथे टायरची भिंत होती, मी म्हणालो.
"कुठे? तिथे तर गवत आहे."
होती. नऊ वर्षांपूर्वी.
शौकतनं बखोटीला धरून ओढलं मला बाहेर.
खांद्यातली सळई?
तुझ्या आईला सांगितलं, माळ्याच्या शिडीवरून पडलो.
तू पाचवीत होतीस, प्लॅस्टरवर मासा काढला होतास.
भिंत काढली त्यांनी, मीही विसरलो.
पायाला कुणी कळवलंच नाही.

ती गप्प.
बॅटरी तेवीस.
पलीकडच्या गल्लीत कुणीतरी जनरेटर ओढत होतं,
तीनदा खोकला, चौथ्यांदा लागला.

मग तिनं एक बटण दाबलं. तिसरी रेघ, हिरवी.
पहिलं वळण माझं, तिसरं-चौथं तिचं,
शेवटचा हेअरपिन पुन्हा माझा (तो मलाच जमतो),
जुन्या पँटचे तुकडे जोडून पिशवी शिवावी तशी एक फेरी.
"बावन्न पूर्णांक एकतीस," ती म्हणाली,
"आपल्या दोघांहून चार दशांश कमी."
ही कुणी चालवली?
"कुणीच नाही."

तिनं ती सुरू केली.
नकाशावर हिरवा ठिपका निघाला,
माझ्यासारखा आत शिरला,
तिच्यासारखा बाहेर पडला.
आम्ही दोघं वाकून बघत होतो.

चौथ्या वळणाशी आला तेव्हा
टेबलाखाली, चपलेतून निसटलेला माझा उजवा पाय
जरासा वर आला.

तिनं पाहिलं नाही.
इथे डबी लावलेली नव्हती.